तक्रार नाही, म्हणून रोग नाही?

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात, दाराशेजारच्या पत्र्यावर चिकटवलेली ती चतकोर कागदाची जाहिरात पाहिली नाही असा प्रवासी विरळा. गुप्तरोग, नामर्दी, मूल न होणे, सर्वांवर हमखास इलाज. खाली दूरध्वनी क्रमांक. तीच गाडी डोंबिवलीला किंवा कल्याणला रिकामी झाली की स्थानकाबाहेर दुसरी जाहिरात दिसते. ती मोठी, रंगीत आणि प्रतिष्ठित असते. तीत गुबगुबीत बाळाचे चित्र असते आणि टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च मासिक हप्त्यांनी फेडण्याची सोय सांगितलेली असते. पहिली जाहिरात भोंदूची, दुसरी पदवीधर तज्ज्ञाची. या दोहोंच्या मध्ये जे असावयास हवे, म्हणजे सार्वजनिक रुग्णालयातील एक चाचणी आणि आठवडाभराच्या गोळ्या, त्याची जाहिरात कोठेही नाही. कारण ती सोय सामान्य माणसाच्या वाटेवर कोणी उभीच केलेली नाही.

ज्या रोगासाठी ही सोय हवी त्याचे नाव क्लॅमायडिया. गरमी आणि परमा हे शब्द मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. या रोगाला मात्र मराठीत घरगुती नावदेखील नाही. आणि तरीही तो दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगातील १५ ते ४९ वयोगटात या संसर्गाच्या सुमारे १२ कोटी ८५ लाख नव्या लागणी झाल्या. मौज अशी की या जंतूच्या एका भावंडाशी महाराष्ट्राची जुनी ओळख आहे. डोळ्यांतील खुपऱ्या ज्या जंतूमुळे होतात त्याच जातीचा हा जंतू. फक्त उपप्रकार वेगळा. खुपऱ्यांसाठी भारत सरकारने १९६३ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न’ या स्वरूपात तो रोग भारतातून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. अभिनंदनीय गोष्ट आहे. परंतु ज्या जंतूसाठी डोळ्यांपुरता देशव्यापी कार्यक्रम निघाला, त्याच जातीचा जंतू कमरेखाली उतरला की तो समाजाच्या आणि शासनाच्या दृष्टीने एकदम अदृश्य कसा होतो?

याचे एक उत्तर रोगाच्या स्वभावातच आहे. हा जंतू शरीराच्या पेशीत शिरून तेथेच वाढतो, आणि वाढताना फारसा गाजावाजा करीत नाही. लागण झालेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांना, साधारणतः दहांतील सात जणींना, काहीही जाणवत नाही. पुरुषांपैकी निम्म्यांना जाणवत नाही. ज्यांना जाणवते त्यांना लघवीच्या वेळी जळजळ, मूत्रमार्गातून पातळ स्राव, वृषणाशी दुखणे. स्त्रियांना अंगावरून पांढरे जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, ओटीपोटात मंद कळा. यांतील प्रत्येक तक्रार दुसऱ्या कशाचीही असू शकते. म्हणून घरोघर ती ‘उष्णता’ ठरते, आणि सब्जा, धने-जिरे यांच्या पाण्यावर दिवस काढले जातात.

दरम्यान जंतूचे काम थांबत नाही. उपचार न झालेल्या स्त्रियांपैकी काहींमध्ये तो गर्भाशयाच्या मुखापासून वर चढतो आणि गर्भनलिकांना सूज आणतो. सूज ओसरते, पण वण राहतात. नळ्या चिकटतात. मग एखादी स्त्री चार-पाच वर्षांनी ‘मूल होत नाही’ म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढते. एखादीचा गर्भ नळीतच रुजतो आणि नळी फुटून तिला मध्यरात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावे लागते. गरोदर स्त्रीला लागण असेल तर बाळंतपणाच्या वेळी ती बाळाच्या डोळ्यांना, कधी फुप्फुसांना होते. अर्थात् बंद झालेली प्रत्येक नळी या जंतूनेच बंद केली असे म्हणणे खोटे ठरेल. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्याचे मोठे कारण आहे, अकुशल हातांनी केलेले गर्भपात हेही आहे. पण क्लॅमायडियाचे वैशिष्ट्य असे की येथे विनाशाला सुरुवात होण्यापूर्वी तो थांबवणे अगदी सोपे असते, आणि नेमक्या त्याच वेळी कोणी विचारीत नाही.

आता शासनाच्या व्यवस्थेकडे पाहू. लैंगिक संसर्गांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने देशभरच्या शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाची केंद्रे उभी केली. तेथील पद्धत अशी ठरली की प्रयोगशाळेची वाट न पाहता रुग्णाच्या लक्षणांवरून औषधांचे रंगीत पाकीट द्यावे. मूत्रमार्गातून स्राव असेल किंवा गर्भाशयाच्या मुखाला सूज असेल तर करडे पाकीट, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. योनिमार्गाचा दाह असेल तर हिरवे, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. ओटीपोटाच्या दाहाला पिवळे. प्रयोगशाळा नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी, रोगी पुन्हा येईल याची शाश्वती नसताना, पहिल्याच भेटीत औषध पदरात टाकणारी ही पद्धत निश्चितच शहाणपणाची होती. परंतु तिच्या पायातच एक गृहीत आहे: रोगी तक्रार घेऊन येईल. ज्या रोगात दहांतील सात जणींना तक्रारच नसते, त्या रोगाविरुद्ध तक्रारीची वाट पाहणारी यंत्रणा म्हणजे चोर गेल्यावर नव्हे, चोराने स्वतः येऊन वर्दी दिल्यावर निघणारा पोलीस होय.

जी स्त्री तक्रार घेऊन येते तिचे तरी काय होते? पांढरे जाणे, धुपणी, या तक्रारीमागे बहुतेक वेळा वेगळेच साधे दोष असतात. गर्भाशयाचे मुख सुजले आहे की नाही हे उपकरण लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, आडोसा नसताना, महिला डॉक्टर नसताना ही तपासणी टळते; मग हातात हिरवे पाकीट पडते, आणि हिरव्या पाकिटातील एकही औषध क्लॅमायडियावर चालत नाही. उलट बाजूने, जिला हा रोग नाहीच तिला करडे पाकीट मिळाले तर अनावश्यक प्रतिजैविक पोटात जाते आणि ‘नवऱ्यालाही घेऊन या’ या एका वाक्याने घरात आग लागते. नोंदवहीत मात्र दोघीही ‘उपचार झाला’ या रकान्यात जातात. नोंद लक्षणाची होते, जंतूची होत नाही. आणि जो जंतू मोजलाच जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण मागणार? अर्थशास्त्राच्या प्राथमिक विद्यार्थ्यालाही हे चक्र ओळखता येईल.

तक्रारीवर विसंबणे किती फसवे असते हे महाराष्ट्राने जगाला दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या आरंभी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. त्यांपैकी बऱ्याच रोगांचे मूळ जननमार्गाच्या संसर्गात होते. यापूर्वी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. या आकड्यांनी जगभरच्या आरोग्यधोरणाला धक्का दिला. गडचिरोली दूर आहे, आदिवासी आहे, असे म्हणून ठाणे-डोंबिवलीच्या सुशिक्षिताला सुटका करून घेता येईल काय? येथे स्त्रीरोगतज्ज्ञ गल्लोगल्ली आहेत, हे खरे. पण बाळंतपण आणि गर्भपिशवी काढणे यांखेरीज त्यांच्याकडे किती स्त्रिया स्वतःच्या पायांनी जातात, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्याच चाळीत, आपल्याच सोसायटीत विचारून पाहावे.

शासनाच्या नजरेला आणखी एक जुना दोष आहे. १८६८ साली इंग्रज सरकारने येथे सांसर्गिक रोगांचा कायदा केला. हेतू गोऱ्या शिपायांना वाचवण्याचा, आणि सक्तीची तपासणी मात्र वेश्या मानलेल्या स्त्रियांची. १८८८ साली तो कायदा गेला. पण रोग ‘तसल्या’ बाईपासून निघतो ही समजूत गेली नाही. एड्सच्या काळात तिने शास्त्रीय वेष घेतला आणि ‘जोखमीचे गट’ हा शब्द रूढ झाला. भिवंडीच्या ट्रकचालकाकडे, वेश्यावस्तीतील स्त्रीकडे कार्यक्रम गेला, जावयासच हवा होता. परंतु डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंग करणारी, वागळे इस्टेटमध्ये शिवणयंत्रावर बसणारी, किंवा मुंबईच्या कचेरीत कारकुनी करणारी विवाहित स्त्री कोणत्याच गटात बसत नाही. तिच्या आयुष्यात एकच पुरुष आहे. त्या पुरुषाला स्वतःलाच काही जाणवत नाही. संसर्ग अंगात महिनोन्‌महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक, मुकाट राहू शकत असल्याने तो कधी आणि कोणाकडून आला हे सांगणेही अवघड. म्हणून चाचणीचा कागद हा चारित्र्याचा दाखला नव्हे, हे डॉक्टरांनी रोग्याला आणि कार्यकर्त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. मूल झाले नाही की दोष मात्र तिच्या पोटाचा! नवऱ्याची लघवीदेखील तपासायची नाही आणि तिला वांझ म्हणून मोकळे व्हायचे, ही रीत कल्याणच्या जुन्या वाड्यात होती आणि घोडबंदर रोडच्या तीस मजली इमारतीतही आहे.

चाचणी अवघड आहे काय? मुळीच नाही. पुरुषाने लघवीची पहिली धार एका बाटलीत द्यावी. स्त्रीने स्वॅबची काडी स्वतःच्या हाताने योनिमार्गात फिरवून द्यावी, उघडी तपासणीही लागत नाही. त्या नमुन्यात जंतूची जनुकीय खूण शोधली जाते. करोनाच्या साथीत ज्या प्रकारच्या चाचणीचे नाव पोराटोरांच्या तोंडी झाले, त्याच जातीची ही चाचणी. लागणीनंतर लगेच केली तर ती चुकू शकते, साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, एवढेच पथ्य. अडचण आहे ती किमतीची. खाजगी प्रयोगशाळेत तिचा हिशेब हजारांत होतो, आणि रोग बरा करणाऱ्या गोळ्यांना शंभराची एक नोट पुरते! रोग ओळखण्याचा खर्च रोग बरा करण्याच्या कितीतरी पट, हे बाजाराचे तर्कशास्त्र आहे, वैद्यकाचे नव्हे. त्यात बाजाराची आणखी एक करामत अशी की रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही ‘क्लॅमायडिया’ या नावाने विकली जाते. पूर्वी कधी तरी शरीराची या जंतूशी गाठ पडली होती, यापलीकडे ती फारसे काही सांगत नाही. जननमार्गात आज जंतू आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. तरीही वंध्यत्वाच्या तपासण्यांच्या लांबलचक यादीत ती असते, आणि घाबरलेले जोडपे पैसे भरते.

औषधोपचाराविषयी दोन शब्द. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस, हा आज प्रथम पसंतीचा उपचार आहे. गरोदर स्त्रीला ते चालत नाही, तिला अझिथ्रोमायसिनची एकच मात्रा. जोडीदाराचा उपचार त्याच वेळी झाला पाहिजे आणि आठवडाभर संबंध टाळले पाहिजेत, नाही तर जंतू नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून नवऱ्याकडे येरझाऱ्या घालीत राहतो. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी, कारण पुन्हा लागण होणे सर्रास आहे. हे सर्व डॉक्टरच्या देखरेखीखाली. दुर्दैव असे की अझिथ्रोमायसिन हे औषध आपल्या शहरांत सर्दी-खोकल्याला, अंगदुखीला, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतले जाते. ज्याला त्याची गरज नाही त्याच्या पोटात ते जाते, आणि इतर जंतू त्याला सरावतात.

आता जमाखर्च मांडू. लागण वेळीच सापडली तर समाजाला खर्च किती? एक चाचणी, चौदा गोळ्यांची दोन पाकिटे, एका समुपदेशकाचा अर्धा तास. सापडली नाही तर? नळीत फुटलेल्या गर्भाची शस्त्रक्रिया, रक्ताच्या बाटल्या, बुडालेला रोजगार, किंवा टेस्ट ट्यूब बेबीचा एकेक प्रयत्न, ज्याचा हिशेब लाखांत आहे आणि ज्याच्या यशाची हमी कोणीच देत नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेसारख्या विमायोजनांचा सारा रोख रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यावर आहे. बाह्यरुग्ण विभागातील चाचणीला त्यांत जागा नाही. म्हणजे नळी फुटेपर्यंत सार्वजनिक पैसा हलायचा नाही, फुटली की हलायचा, आणि तोही बऱ्याचदा खाजगी रुग्णालयाच्या खात्यात! संसर्गजन्य रोगाचे बाह्य परिणाम दुसऱ्याला भोगावे लागतात, म्हणून त्याचा प्रतिबंध बाजारावर सोडता येत नाही, हे तर भांडवलशाही अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही लिहिलेले असते. ते पुस्तक मंत्रालयात कोणी उघडत नसावे.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळे फेकून देण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप अभ्यासकांचा. इंग्लंडने २००३ पासून तरुण-तरुणींची सरसकट क्लॅमायडिया तपासणी सुरू केली. ऑस्ट्रेलियात मोठा प्रयोग झाला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. तपासण्या वाढवूनही समाजातील लागणीचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही. हे मान्य केले पाहिजे. पण इंग्लंडने त्यातून काय बोध घेतला? कार्यक्रम गुंडाळला नाही. २०२१ साली त्याचा रोख बदलून, स्त्रियांच्या गर्भाशयाला आणि नळ्यांना होणारी इजा टाळणे हे उद्दिष्ट ठरवले. तेव्हा ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत प्रत्येक नागरिकाच्या हातात बाटली द्यावी अशी मागणी कोणी करीत नाही. प्रसूतिपूर्व तपासणीला येणारी स्त्री, गर्भपातासाठी किंवा तांबी बसवण्यासाठी आलेली स्त्री, मूल होत नाही म्हणून आलेले जोडपे, ओटीपोटाची कळ घेऊन आलेली मुलगी, आणि ज्याच्या जोडीदाराला लागण सापडली तो, एवढ्यांची तरी चाचणी फुकट व्हावी. गरोदरपणात एचआयव्ही आणि गरमी यांची तपासणी होतेच. तिच्या शेजारी ही एक काडी ठेवायची आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. जेथे रोग्याला खाट मिळण्याची मारामार, तेथे या नाजूक रोगांच्या चाचण्यांचे लाड कशाला? परंतु कळव्याच्या खाटा कशाने भरतात हे पाहिले तर उत्तर मिळते. खालच्या पायरीवर जे दहा रुपयांत निभावले असते ते दहा हजारांचे होऊनच तेथे पोहोचते. आणि यंत्रसामग्री नव्याने आणावयाची आहे असेही नाही. क्षयरोग कार्यक्रमात शासकीय रुग्णालयांत थुंकी तपासण्यासाठी जी सीबीनॅट यंत्रे आली, त्याच यंत्रात क्लॅमायडिया आणि परमा यांसाठीचे वेगळे काडतूस घालून तपासणी करता येते. काडतूस महाग आहे, खरे. पण शासनाने एकत्रित खरेदी केल्यावर क्षयरोगाच्या काडतुसाची किंमत जशी खाली आली तशी याची का येऊ नये? करोनाच्या प्रयोगशाळांत चार-पाच नमुने एकत्र तपासून खर्च वाचवण्याची रीत येथल्या तंत्रज्ञांनी स्वतः वापरलेली आहे.

यंत्र असूनही दार उघडे नसेल तर काय उपयोग? शासकीय बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो तेव्हा कल्याण-डोंबिवलीचा निम्मा कष्टकरी वर्ग दादर-कुर्ल्याच्या पलीकडे पोहोचलेला असतो. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय रेल्वेच्या पश्चिमेला आहे. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत, केसपेपरवर रोगाचे नाव मोठ्या अक्षरांत न लिहिता, महिला डॉक्टरच्या हाताखाली आठवड्यातून तीन दिवस तरी चाचणीची खिडकी उघडली, तर सात-चाळीसची जलद गाडी पकडणाऱ्या बाईला रजा टाकून, घरी थाप मारून यावे लागणार नाही. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार विनाशुल्क केले. पण त्या निर्णयात महापालिकांची रुग्णालये नव्हती, आणि २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर असलेले ठाणे आणि साडेबारा लाखांच्या घरातील कल्याण-डोंबिवली ही शहरे मुख्यतः महापालिकांच्याच ओट्यावर अवलंबून आहेत. त्यातून कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत २०२० साली आणि ठाण्याची २०२२ साली संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकांनीच अंदाजपत्रके मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. आरोग्यावरील तरतुदीबद्दल प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता!

सगळा दोष शासनावर टाकून पुरोगामी मंडळींना मात्र सुटता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, नोकरी गमावली, खटले अंगावर घेतले. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांची जयंती-पुण्यतिथी साजरी करणाऱ्या किती संघटनांच्या शिबिरांत आज गुप्तरोगावर एक तास ठेवला जातो? महागाईवर, वीजदरावर, लोकलच्या गर्दीवर मोर्चा निघतो. धुपणीवर निघत नाही. महिला आघाडीच्या बैठकीत हा विषय निघाला की पुरुष कार्यकर्ते चहा सांगायला बाहेर जातात, आणि ‘तो बायकांचा प्रश्न’ असे म्हणत परत येतात. जंतू निम्मा त्यांच्याकडूनच आलेला असतो.

येत्या अंदाजपत्रकापूर्वी दोन्ही शहरांतील शाखांनी माहितीच्या अधिकारात चार गोष्टी विचाराव्यात. महापालिकेच्या रुग्णालयांत क्लॅमायडियाची जनुकीय चाचणी होते काय, आणि गेल्या वर्षी किती झाल्या. सुरक्षा क्लिनिकमध्ये आलेल्या किती स्त्रियांची उपकरण लावून तपासणी झाली आणि किती जणींना तपासणीवाचून पाकीट दिले. किती जोडीदार उपचाराला आले. सीबीनॅट यंत्रे दिवसातून किती तास रिकामी असतात. उत्तरे आली की ती मराठीत छापून ठाणे, डोंबिवली आणि कल्याण स्थानकांबाहेर, त्या गुबगुबीत बाळाच्या फलकाखाली उभे राहून वाटावीत.